पाचवी मूठ

एक्केचाळिसाव्या कार्डापाशी हेमांगीचं घोडं चार दिवस अडलं होतं.

शहाद्याच्या ज्या क्लासमध्ये ती लग्नाआधी इंग्रजी शिकवायची, तिथल्या सरांनी शंभर वाक्प्रचारांचं काम तिला घरबसल्या दिलं होतं. एका कार्डावर एक वाक्प्रचार, खाली त्याचा मराठी अर्थ, मग तो कधी वापरावा, कधी वापरू नये आणि शेवटी दोन वाक्यं. हेत दुपारी झोपला की ती माजघरात भिंतीला पाठ टेकून, मांडीवर पाट घेऊन लिहायला बसे. तास मिळाला तर तास, नाहीतर वीस मिनिटं. चाळीस कार्डं तिने अशीच चोरलेल्या वेळात उरकली होती. एक्केचाळिसावा वाक्प्रचार होता ‘लेट स्लीपिंग डॉग्ज लाय’.

अर्थ तिने एका दमात लिहिला होता. झोपलेल्या कुत्र्याला झोपू द्यावं. जे निवांत पडलंय त्याला डिवचू नये. आपल्याकडे म्हणतात ना, गाडलेली मढी उकरू नयेत, तसंच. कधी वापरावा, तेही लिहून झालं होतं: जुनं भांडण मिटलेलं असेल, दोन्हीकडची माणसं शांत झाली असतील, तेव्हा. पण ‘कधी वापरू नये’ या ओळीपुढे पेन जायला तयार नव्हतं.

समोर गोधडीवर हेत झोपला होता. वीस महिन्यांचा, गुबगुबीत, एक पाय गोधडीबाहेर. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. हेमांगी दचकली, हेत नाही. दुसरी झाली, तिसरी झाली. बाहेर केळीचा ट्रक गल्लीत शिरला आणि त्याने असा हॉर्न दिला की शेजारची शेळी ओरडली. हेतची पापणीसुद्धा हलली नाही.

“किती गुणी लेकरू!” गावातल्या बाया म्हणत. “आमचं तर पातेलं वाजलं तरी उठतं. हेमांगी, तू पुण्यवान.”

हे पुण्य हेमांगीच्या छातीवर दगडासारखं बसलं होतं. तिने उठून मांडणीवरचं ताट उचललं आणि हेतच्या डोक्यामागे फरशीवर टाकलं. ताट खणखणत गोल फिरलं आणि थांबलं. या महिन्यातली ही कितवी वेळ, तिलाच ठाऊक नव्हतं. प्रत्येक वेळी ताट टाकताना ती मनात म्हणे, ऊठ रे बाळा, रड, मला शिव्या घाल. तो झोपून राही.

“काय पाडं वं?” आतून सासूबाईंचा आवाज आला.

“काही नाही आई. ताट निसटलं.”

अनुसयाबाईंचं लाटणं थांबलं. “तुन्हा हातमाईन आजकाल लय निसटस,” त्या म्हणाल्या, आणि परत पोळपाटावर लाटणं फिरू लागलं.

आषाढात अंगणवाडीत मुलांची तपासणी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी हेतच्या मागे टाळ्या वाजवल्या, खुळखुळा हलवला, मग हेमांगीकडे बघून एक चिठ्ठी लिहिली. नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यात मंगळवारी कानाची तपासणी असते, तिथे जा. “उशीर करू नका हं ताई. बोलणं शिकायचं हेच वय असतं. एकेक महिना मोलाचा.” त्या रात्री हेमांगीने जेवणाच्या पंगतीत चिठ्ठीची गोष्ट काढली होती. सासरे रतिलाल तेव्हा दुसरी भाकरी मोडत होते. त्यांनी भाकरी तशीच ठेवली, ताटात हात धुतला आणि ओट्यावर जाऊन बसले.

धर्मेंद्रने बायकोकडे रागाने पाहिलं. “जेवताना कोणी काढतं का असल्या गोष्टी?”

“मग कधी काढू?”

“दसऱ्याला प्रतिभाचा साखरपुडा आहे. तो होऊ दे, मग बघू. उद्या गावभर झालं की पाटलाच्या नातवाला ऐकू येत नाही, तर पोरीच्या सासरचे काय म्हणतील? खानदानातच आहे, म्हणतील. हेमांगी, समजून घे जरा.”

दाराशी उभी असलेली नणंद प्रतिभा आत निघून गेली. पुढचे दोन दिवस ती वहिनीशी बोलली नाही.

“त्याना बाप बी चार वरीसना व्हयना तवय बोलना,” अनुसयाबाई भांडी गोळा करता करता म्हणाल्या. “झोपेल कुत्राले कोनी उठाडू नही. ती चिठ्ठी आठे आन.” त्यांनी चिठ्ठी चार घड्या घालून कमरेच्या पिशवीत टाकली. ती परत दिसली नव्हती.

तेव्हापासून हेमांगीच्या आयुष्याला चार भिंती आणि एक गल्ली एवढीच हद्द उरली. दवाखाना बसने तासाभरावर होता. पण एकटीने बसस्टँडवर जायचं म्हणजे गल्लीतल्या सात ओट्यांसमोरून जायचं, आणि सातही ओटे विचारणार, ‘कथा चालनी वं?’, म्हणजे कुठे निघालीस. चिठ्ठी सासूच्या पिशवीत, नवऱ्याचं उत्तर दसऱ्यानंतर. माहेरी शिरपूरला फोन केला तर आई म्हणाली, “सासरच्यांचं मन मोडू नको बाई. सगळं वेळेवर होतं.” सगळ्यांचं बोलणं इतकं मऊ होतं की त्यावर डोकं आपटायलाही जागा नव्हती.

श्रावण लागला. नागपंचमी झाली आणि घरात कानबाई देवी बसवायची गडबड सुरू झाली. केळीचे खांब मळ्यातून आले, चौरंग धुतला गेला. कानबाईच्या रोटांचे गहू निवडायचं काम यंदा पहिल्यांदा हेमांगीकडे आलं. गेल्या वर्षी हेत अंगावर होता, त्याच्या आदल्या वर्षी दिवस गेलेले म्हणून ती माहेरी होती. त्यामुळे ही रीत तिने जवळून कधी पाहिली नव्हती.

रीत अशी, की घरात जितके पुरुष, तितक्यांच्या नावाने सव्वा मूठ गहू घ्यायचे. तेच दळायचे, त्याचेच नैवेद्याचे रोट करायचे. ते रोट घराबाहेर जात नाहीत. शेजाऱ्याला नाही, पाहुण्याला नाही, एकदा लग्न झालं की पोटच्या लेकीलाही नाही. प्रतिभा म्हणूनच सकाळपासून गप्प होती. हे तिचं या घरातलं शेवटचं वर्ष.

अनुसयाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि कोऱ्या सुपात मूठ सोडली. “रतिलाल,” त्या म्हणाल्या. वर्षातून एकदाच, कानबाईसमोर, त्या नवऱ्याचं नाव घेत. वर पाव मूठ. “धर्मेंद्र.” सव्वा मूठ. “हेमकांत.” हा धाकटा दीर, सुरतेला कापडाच्या कारखान्यात. सव्वा मूठ. “हेत.” नातवाची मूठ त्यांनी जरा भरघोस घेतली आणि हसल्या.

आणि मग त्यांनी पाचवी मूठ घेतली.

या मुठीला नाव नव्हतं. ओठ हलले, आवाज निघाला नाही. पाव मूठ वर घातली आणि सूप बाजूला सरकवलं.

हेमांगीला वाटलं, मोजणी चुकली. “आई, पाच झाल्या. आपल्याकडे तर चारच...”

“ऱ्हाऊ दे,” अनुसयाबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण सुपातले गहू सारखे करणारी बोटं थांबली. “मोजू नको. दळाले बस.”

हेमांगी जात्यावर बसली. इतर दिवशी पीठ गिरणीतून येतं, पण रोटांचं घरीच दळायचं. जातं घरघरू लागलं तसा हेत रांगत आला. त्याला चालता येत होतं, पण घाई झाली की तो रांगे. जात्याच्या खालच्या दगडावर त्याने दोन्ही तळवे ठेवले आणि त्याचा चेहरा उजळला. जातं थांबलं की तो आईकडे बघे, फिरलं की हसे. हेमांगीने मुद्दाम गाणं म्हणायला सुरुवात केली. हेतने लगेच एक हात उचलला आणि तो आईच्या गळ्यावर ठेवला, जिथे आवाज थरथरतो तिथे. तसाच ठेवून तो ऐकत राहिला. दुसरं काय म्हणायचं त्याला.

हेमांगीने वर पाहिलं. दारात अनुसयाबाई उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला होता. सून बघते आहे हे कळताच त्या वळल्या आणि नको तेवढ्या मोठ्याने प्रतिभाला म्हणाल्या, “गंगाफळ चिरी लिन्हं का? का मुहूर्त काढाना शे?”

रविवारी कानबाई बसली. नथ, हिरवा चुडा, काजळ घातलेले डोळे. रात्री गाणी झाली. सोमवारी सकाळी विसर्जनाची मिरवणूक निघाली. चौदा घरांच्या चौदा कानबाया बायकांच्या डोक्यावर, पुढे ट्रॅक्टरवर रचलेले डीजेचे खोके. आवाज असा की ओट्यावरचे पितळी तांबे थरथरत होते. गल्लीतली सगळी तान्ही पोरं रडत होती. आया त्यांच्या कानांवर हात ठेवत होत्या. हेत मात्र ओट्यावरून खाली उतरून रस्त्याच्या मधोमध बसला होता आणि त्याने दोन्ही तळवे जमिनीवर पसरले होते. ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला तो मान हलवी. त्याच्या लेखी ते जात्यासारखंच, फार मोठं जातं.

हेमांगीच्या हातात ओवाळणीचं ताट होतं. तिची नजर लेकरावर होती, पण मध्ये फुगडी घालणाऱ्या बाया होत्या.

गल्लीच्या वळणावर ट्रॅक्टर अडला. ड्रायव्हरने तो मागे घ्यायला सुरुवात केली. “ए, मांगे पोरे शेत! पोरेसहोन, सरका!” चार-पाच जण ओरडले. पोरं चिमण्यांसारखी उडाली. हेत बसून राहिला, पाठ ट्रॅक्टरकडे, तळवे जमिनीवर.

खरं तर ट्रॅक्टर वीस पावलं लांब होता आणि ड्रायव्हरने ब्रेकही मारला होता. हेमांगीने ताट टाकलं, ती धावली. पण तिच्याआधी कुणीतरी गेलं होतं. रतिलाल. ज्यांना ओट्याची पायरी उतरायला काठी लागे, ते अनवाणी, टोपी पडलेली, बायांच्या फुगडीतून आरपार गेले. त्यांनी नातवाला इतक्या जोराने उचललं की पोर घाबरून रडू लागलं.

“आबा, अहो थांबला होता मी,” ड्रायव्हर वरून म्हणाला.

रतिलालांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांचे ओठ हलत होते. ते काय म्हणत होते ते डीजेच्या आवाजात कुणाला ऐकू आलं नाही. हेमांगी जवळ गेली तेव्हा तिला दिसलं, ते एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होते, “सरक ना रे. सरक ना रे.” हेत त्यांच्या कडेवर सुखरूप होता, तरी.

तिने हात पुढे केले. त्यांनी लेकरू दिलं नाही. त्याला घेऊन ते घरात गेले आणि कोठाराच्या अंधाऱ्या खोलीत पोत्यावर जाऊन बसले.

कानबाई तापीला गेली, पण या घराची कानबाई यंदा प्रतिभाने डोक्यावर नेली. अनुसयाबाई घरीच राहिल्या. दुपारी सगळं निवलं तेव्हा त्या माजघरात आल्या. हेत गोधडीवर झोपला होता. हेमांगी कार्डांजवळ बसली होती, पेन उघडं होतं, लिहिलेलं काही नव्हतं. सासूबाईंच्या हातात ताटली होती, तिच्यात एक रोट. त्या सुनेशेजारी भिंतीला टेकून बसल्या. असं त्या कधी बसत नसत.

“हाऊ पाचवा,” त्या म्हणाल्या. त्यांनी तुकडा मोडला. “तीस वरीस व्हयना. दरवर्षी मीच खाई लेस.”

मध्ये काही विचारलं तर त्या थांबतील, अशी हेमांगीला भीती वाटली.

“नवनीत नाव व्हतं. धर्मेंद्रना मोठा भाऊ. पाच वरीसना. गोरा, तुन्हा हेतसारखाच.” तुकडा हातातच राहिला. “हाक मारी तं पाहे नही. आम्ही म्हनूत, हट्टी शे. मन्ही सासू म्हने, लाडमा बिघाडना. मी चापटी मारू त्याले. माय वं, कितल्या चापट्या मारल्या असतीन मी त्याले.”

“आणि हेतचे बाबा चार वर्षांचे झाल्यावर बोलले, ते...”

“धर्मेंद्र? तो तं वरीसना व्हता तवयच पटपट बोले. चार वरीसना व्हयी बी बोलना नही, तो नवनीत.” त्यांनी पदराने नाक पुसलं. “खळामा खेळत व्हता. पाठ करी बसेल. यासनी ट्रॅक्टर मांगे लिन्हं. आरोळी मारी, एकदाव, दोनदाव. यासले वाटनं, सरकी जाई. ऐकीसन बी हट्ट करी ऱ्हायना, अशे वाटनं.”

पुढचं त्यांनी सांगितलं नाही आणि सांगायची गरजही नव्हती. हेमांगीला लग्नापासून वाटत आलं होतं की सासऱ्यांची कंबर दुखते म्हणून ते ट्रॅक्टरवर बसत नाहीत.

“त्या दिनपासून घरमा त्याना फोटो नही, नाव नही. बोलनं तं यासना जीव जाई, अशी माले भीती. म्हनीसन मी म्हनत ऱ्हायनू, ऱ्हाऊ दे, झोपू दे.” अनुसयाबाईंनी झोपलेल्या नातवाकडे पाहिलं. “कोन झोपनं व्हतं वं? तीस वरीसमा एक रात बी ना ते झोपनात, ना मी.”

मग त्यांनी कमरेची पिशवी उघडली. हेमांगीला वाटलं तंबाखू काढतील. त्यांनी चार घड्यांची चिठ्ठी काढली आणि कार्डावर ठेवली.

“उद्या मंगळवार शे. यासनीच सांगं, चिठ्ठी देई टाक म्हने पोरीले.” त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. जाताना रोटाचा अर्धा तुकडा त्यांनी सुनेच्या तळहातावर ठेवला. “तू बी खाय. एकलीले जात नही आते.”

हेमांगीने तो तुकडा खाल्ला. मग पेन उचलून तिने रिकाम्या ओळीत लिहिलं: ‘जेव्हा कुणीच झोपलेलं नसतं, सगळे फक्त डोळे मिटून पडलेले असतात, तेव्हा हा वाक्प्रचार वापरू नये.’ सर हे खोडतील, तिला वाटलं. परीक्षेत असं लिहून मार्क मिळत नाहीत. खोडले तर खोडू देत.

मंगळवारी सकाळी धर्मेंद्र दारात आडवा उभा राहिला. तो वाईट माणूस नव्हता, फक्त घाबरलेला होता, आणि घाबरलेला माणूस दारातच उभा राहतो.

“दसऱ्यानंतर म्हटलं होतं ना मी? स्टँडवर कोणी भेटलं तर काय सांगशील?”

“सांगेन, मुलाला दवाखान्यात नेतेय.”

“आणि प्रतिभाचं काय?”

प्रतिभा चुलीपाशी होती. ती उठली, तिने डबा आणून वहिनीच्या पिशवीत कोंबला आणि भावाकडे न बघता परत गेली. तिचे डोळे सुजले होते. हेमांगीला तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला, पण कोणत्या तोंडाने?

“बाजू व्हय, धर्मेंद्र,” मागून आवाज आला. रतिलाल धुतलेलं धोतर, कोट, टोपी घालून उभे होते. “मी जाई ऱ्हायनू तिन्हासंगे.”

“आबा, तुमची कंबर...”

“मन्ही कंबर मी पाही लिसू. तू तुन्हं काम कर.”

सात ओट्यांसमोरून ते गेले. सातही ओट्यांनी विचारलं. रतिलाल प्रत्येकाला एकच सांगत गेले, “नंदुरबार. नातूना कान दखाडाले.” तिसऱ्या ओट्यापर्यंत त्यांचा आवाज कापत होता, सातव्यापर्यंतही कापतच होता. मागे कुजबुज सुरू झालेली हेमांगीला कळत होती. ही आता दसऱ्यापर्यंत थांबायची नाही.

बस प्रकाशा गावाजवळच्या पुलावरून गेली. खाली तापी दुथडी भरलेली, गढूळ. कालच्या कानबायांची फुलं अजून काठाला अडकलेली होती. हेत खिडकीच्या दांडीला दोन्ही हातांनी धरून बसला होता. बस हादरली की हसत होता. रतिलाल पुढच्या सीटवर होते. वाटेत एकदाही ते मागे वळले नाहीत.

दवाखान्यात लांब बाक, भिंतीला टेकलेली माणसं, कुठल्याशा डोंगरातल्या गावाहून आलेली एक आई, तिच्याही मांडीवर एक शांत मूल. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि नजर फिरवली. अडीच तासांनी नंबर आला.

तपासणारी मुलगी हेमांगीहून लहान असेल. तिने फॉर्म पुढे केला. “भरा ताई. बाळाची टेस्ट झोपेत करावी लागते. डोक्याला वायरी लावतो, दुखत नाही काही. तेवढं त्याला झोपवा.”

नाव, वय, गाव. बाळंतपण कसं झालं. पहिल्यांदा कधी लक्षात आलं. हेमांगी भराभर लिहीत गेली. सातव्या प्रश्नावर पेन थांबलं. ‘कुटुंबात यापूर्वी कुणाला जन्मापासून ऐकू न येण्याचा त्रास होता का? असल्यास नाव व नाते.’

एकदा इथे लिहिलं की ते कागदावर राहणार. धर्मेंद्र ज्याला भीत होता, तेच. खानदानातच आहे. प्रतिभाचे सुजलेले डोळे तिला दिसले. ‘नाही’ लिहिणं सोपं होतं, दोनच अक्षरं. तिने सासऱ्यांकडे पाहिलं. ते टोपी हातात घेऊन फरशीकडे बघत होते. त्यांना वाचता येत होतं, आणि त्यांनी प्रश्न वाचला होता हे त्यांच्या मानेच्या शिरेवरून कळत होतं.

“काही नाही आबा,” ती हळूच म्हणाली. “राहू दे. सोडते मी हा.”

“नको.” त्यांनी घसा साफ केला. “लिख. नवनीत रतिलाल पाटील.”

टेबलामागच्या मुलीने वर पाहिलं. “नातं काय, आजोबा?”

“आंडोर,” रतिलाल म्हणाले. “मन्हा मोठा आंडोर. त्याले ऐकू येत नव्हतं.” आणि मग, जणू तिने विचारलं होतं, ते म्हणाले, “तो हट्टी नव्हता.”

हेमांगीने लिहिलं. अक्षर नीट आलं. मग तिने हेतला मांडीवर आडवं घेतलं, त्याचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवला आणि त्याला झोप येईपर्यंत ती गात राहिली.